दिवा लागला की घासलेट बंद

परवा संध्याकाळी ठाण्याच्या बाजारात, म्हणजे आमच्या दुकानातच, एक प्रकार झाला. तेव्हापासून मनातून जात नाहीये... म्हणून लिहून टाकतो.

मी सध्या किराणा आणि घासलेटच्या दुकानात आहे. चार बुकं शिकलो, मग पनवेलला वखारीत, मग भिवंडीला, मग कल्याणच्या बंदरावर भाताची पोती मोजायला... कुठे टिकलोच नाही. म्हणून शेठ मला नावानं हाक मारत नाहीत, पाव्हणे म्हणतात. "काय पाव्हणे, उद्या आहात ना?" मी हसतो. पण दुकानाच्या मागच्या दारातून खाडीचा एक तुकडा दिसतो, आणि त्यात शीड दिसलं की माझ्या हातातलं माप चुकतं. कुठे जात असेल ही होडी... आणि मी इथे डाळ का मोजतोय...

असो. घासलेटचं सांगत होतो. हे तेल आल्यापासून प्रत्येकाला तेच हवंय. उजेड पांढरा, आणि करंजेलासारखा धूर नाही. पण ते भडकतं कसं, ते शेठनं बघितलंय. त्यांच्या उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत आवळून गेलीय. विचारलं तर एवढंच म्हणतात, "ओतत होतो. दिवा जवळ होता."

म्हणून दुकानाचा नियम. दिवसाउजेडी हवं तेवढं न्या, एकदा दिवा लागला की घासलेटच्या डब्याला झाकण. पण जळाल, मराल, असं सांगून गिऱ्हाईक ऐकतं होय? तिन्हीसांजेला मीठ देत नाहीत, सुई देत नाहीत... शेठनं त्याच पंगतीत घासलेटही बसवून दिलं. "लक्ष्मी जाते हो वहिनी." की वहिनी मुकाट परत. दुकानात जीव कसा सांभाळायचा, ते मला इथे कळलं. अर्धं काम हातानं करायचं, अर्धं गोड बोलून.

परवा शेठ देवळात गेले होते. कंदील लावून मी खुंटीला टांगला, तोच राधाबाई धावत आली. खाडीकाठच्या वस्तीतली, रोजचं गिऱ्हाईक. नवरा पलीकडच्या मिठागरावर कामाला.

"दादा, मना वाईच घासलेट दे. शेलीनं बाटली पारली, समदा सांडला."

"दिवा लागला, राधाबाई. उद्या या."

"उद्या येऊन काय करू? माजा मानूस आता होरी घेऊन निंगला असंल. धक्क्यावर मी दिवा धरते, तवा त्याला खडकांतली वाट गावते. पणती नेली त वारा इझवते."

"अहो, पण लक्ष्मी..."

"लक्ष्मीचं मी बघून घेन! तू ओत."

तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता. बाहेर झपाझप काळोख पडत होता. आता अशा वेळी नियम कसला सांगणार... मी तिच्या बाटलीत नरसाळं लावलं, डबा उचलून वाकवला. कंदील माझ्या डोक्यापासून हातभर वर. त्याच्याशिवाय बाटलीचं तोंड दिसत नव्हतं ना.

तेवढ्यात दारात शेठ. त्यांनी बघितलं, आणि मी बघितलं की त्यांनी बघितलंय. वाटलं, संपलं... उद्यापासून पुन्हा रस्ता.

शेठ चपला दारातच सोडून सावकाश माझ्यामागून गेले, खुंटीवरून कंदील काढला आणि तसेच सावकाश बाहेर रस्त्यावर नेला. दुकानात मिट्ट काळोख. मग बाहेरून आवाज आला, "पाव्हणे, आता डबा खाली ठेवा. झाकण लावा. चाचपडत लावा, घाई नाही."

लावलं. बाहेर आलो तर शेठ कंदील राधाबाईच्या हातात देत होते.

"हा घेऊन जा. दुपारीच भरलाय, वात नवी आहे."

"आन तुमचं दुकान?"

"दुकानाला कुठे खडक चुकवायचेत?" मग माझ्याकडे वळून, "जा हिच्याबरोबर. वाट निसरडी आहे."

मला राहवलं नाही. विचारलं, ओरडला का नाहीत? शेठ म्हणाले, "ओरडलो असतो तर तुमचा हात दचकला असता. आधी दिवा लांब, मग शिव्या."

धक्क्यावर ती कंदील उंच धरून उभी राहिली. एकदा तिचा हात भरून आला म्हणून मी धरायला पुढे झालो, तर म्हणाली, "नको. माजीच उंची त्याला ठावी हाय." मग पाण्यातून एक आरोळी आली, हिनं उलट आरोळी दिली, आणि काळोखातून होडीचं नाक दिसलं. उतरताच नवरा म्हणतो कसा, "कुनाचा कंदील उचलून आनलास गो? एका दिसात शेठानी झालीस!" ती त्याला इतकं बोलली... आणि बोलता बोलता पदरानं त्याचं डोकं पुसत होती.

मी किती धक्क्यांवर उतरलो आजवर. प्रत्येक ठिकाणी उजेड होता, पण तो बंदराचा. माझी वाट बघत, माझ्यासाठी कुणी हात वर धरून उभं होतं, असं एकदाही नाही. ती होडी रिकामीच बांधलेली होती. बसावं आणि सोडून द्यावी, असं वाटलंही... मग कंदील घेऊन परत निघालो.

बाजार बंद झाला होता. आमच्या दुकानाची फळी अजून उघडी. आत दिवा नाही, बाहेर दिवा नाही, आणि पायरीवर शेठ बसलेले.

"आलास?" ते म्हणाले. "मला वाटलं, गेलास."

घरी जेवण थांबलं असेल त्यांचं. तरी एकटे काळोखात बसले होते. आईबाप गेल्यापासून "आलास?" असं मला कुणी विचारलं नव्हतं... देव त्यांना सुखी ठेवो.