चिमीची अर्धी चाल

असले किस्से कुणी ठरवून जमवत नाही. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं संभाच्या घरी सतरंजीवर बसतो आणि उठताना एखादा नवा पदरात पडलेला असतो. मधे घरं आखलेला नकाशा, प्यादी, वीस बाजूंचा फासा आणि ज्याचं त्याचं एक पात्र. गोष्ट संभा रचतो, राक्षसही तोच चालवतो. मी योद्धा, जयसिंगपूरची मेघा जादूगार. आणि बापू? एकशेदहा किलोचा माजी पैलवान, उजवा गुडघा कामातून गेलेला. त्याचं पात्र चिमी, सर्कशीतून पळालेली काडीएवढी पोरगी!

असलं पात्र का घेतलंस विचारलं, तर म्हणाला, "लंगडत तर रोजच चालतोय की."

*

एका डावात सहा घरं चालायचं, असा नियम. पहिल्याच रविवारी चिमीने भिंतीवरून झुंबरावर आणि झुंबरावरून राक्षसाच्या खांद्याकडे उडी घेतली. संभा शिरोली एमआयडीसीत कास्टिंगची मापं तपासतो, मोजायची टेप कायम खिशात. त्याने नकाशावर टेप लावली.

"सहा घरं संपली. तू हवेत हायस."

"मग ऱ्हाऊ दे हवेत," बापू म्हणाला. मेघाने चहा करून आणला तरी चिमी हवेतच होती.

*

शत्रूच्या जवळून गेलं की त्याला एक वार फुकट मिळतो; वरून कोलांटी साधली, तर मिळत नाही. बापूने एकाच राक्षसावरून सलग पाच डाव कोलांट्या मारल्या. मी वैतागून विचारलं, मारणार कधी?

"दमवतोय त्याला."

*

मग एकदा फासा चुकला आणि चिमी पडली. नियमांचं पुस्तक म्हणतं, पडलेल्याला उठायला अर्धी चाल खर्च, म्हणजे तीन घरं. बापूला पडलेली हेच मान्य नव्हतं.

"पाठ लागली काय? पालथी पडलीया. कुस्ती चालू हाय."

तासभर भांडण झालं. शेवटी संभाने पुस्तकात पेन्सिलीने लिहिलं: पाठ लागली तर बाद, पालथं पडलं तर अर्ध्या चालीत उठायचं. कोल्हापुरात बसून याला विरोध करणार कोण?

*

मुरगूडहून बापूचे मामा आले होते. तासभर त्यांनी चिमीच्या उड्या बघितल्या, मग काळजीने म्हणाले, "एवढ्या उड्या मारती, हिला दूध किती देता?"

पुढच्या रविवारी संभाने चिमीच्या सामानात एक तांब्या दूध लिहिलं.

*

यंदा बापूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, कुस्ती विसरा, जमिनीवरून आपले आपण उठलात तरी खूप झालं. बापू हसला नाही, तेव्हा आम्ही घाबरलो. चार महिने चिमी नकाशावर एका भिंतीच्या टोकाला उभी होती. संभाने तिला कुणाला हात लावू दिला नाही.

मग एका रविवारी बापू काठी टेकत आला. आम्ही मांडलेली खुर्ची त्याने बाजूला सारली आणि पाय लांब करून सतरंजीवरच बसला. खेळ छान झाला. उठायला गेला आणि गुडघा निसटला. बापू पालथा, थेट नकाशावर. प्यादी कोपऱ्यापर्यंत उडाली. मेघा आणि मी धावलो.

"हात लावू नका," तो सतरंजीत तोंड खुपसून म्हणाला.

संभा जागचा हलला नव्हता. "पाठ लागली न्हाय. उठ. अर्धी चाल जाईल."

बापूने तळवे टेकले. डावा पाय पोटाखाली ओढला. मेघाने खुर्ची हळूच लांब सरकवली.

तो उठला. घामाने शर्ट भिजला होता. "तीन घरं उरलीत माझी," म्हणाला आणि काठी न घेता दारापर्यंत गेला.

दार तीन घरांपेक्षा बरंच लांब होतं. संभाने टेप काढली नाही.