पिवळं दिसलं की संशय

किस्से कोणी मुद्दाम जमवत नसतं. पेशंट रिपोर्ट घेऊन घरी जातो आणि किस्सा आमच्या टेबलावर ठेवून जातो!

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी अठरा वर्षं लोकांचं रक्त काढते आहे. माहेर ब्रह्मपुरीचं, आडनाव रंगारी. पण इकडे सगळ्यांसाठी मी नुसती ‘रक्तवाली बाई’. धानाची रोवणी सुरू झाली की काविळीचे पेशंट वाढतात, आणि कावीळ आली की तिच्या मागोमाग संशय येतो. पेशंटचा माझ्यावर, माझा मशीनवर आणि आमच्या डॉक्टर मडावींचा सगळ्या जगावर!

*

डॉक्टर मडावींना समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघायची सवय आहे. तुम्ही बोलत असता आणि ते तुमच्या डोळ्यांतला पांढरा भाग तपासत असतात. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, माझ्यावरच काहीतरी संशय आहे यांचा!

एकदा आम्ही सगळे स्टाफच्या ओळखीतल्या एका लग्नाला गेलो. आदल्या दिवशी हळद झालेली. नवरदेव नखशिखांत पिवळा. डॉक्टर आहेर द्यायला पुढे झाले, नवरदेवाकडे बघितलं आणि त्याचा दंड धरून त्याला मांडवाबाहेर उन्हात घेऊन गेले. खालची पापणी ओढून बघितली.

नवरीचे वडील धावत आले. “काय झालं, साहेब?”

“कावीळ आहे.”

“अवो हळद आहे ते!”

“हळद अंगाला लागते, भाऊ. डोळ्याच्या आत नाई जात.”

नवरीकडचे नवरदेवाकडच्यांकडे संशयाने बघायला लागले. बिमार पोरगा गळ्यात मारता काय? नवरदेवाकडचे डॉक्टरांकडे बघायला लागले. यांना कोणी पाठवलं? शेवटी नवरीचे वडीलच हात जोडून म्हणाले, “साहेब, अक्षदा पडू द्या. मंग बिमार करा!”

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी नवरदेव लॅबमध्ये हजर. साधी, पाण्यातून होणारी कावीळ निघाली, महिनाभरात बराही झाला. पण सोबत आलेल्या नवरीने रिपोर्ट माझ्या हातून घेतला, उलटसुलट बघितला आणि हळूच विचारलं, “बाई, ह्याच्यात अजून काय काय निघते? सगळंच एकदा पाहून घ्या ना!”

*

रक्त काढलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला. “एवढं काऊन?” आणि दुसरा, “कुठी पाठवता?”

एक भाऊ होते, तेंदूपत्त्याच्या फडीवर, म्हणजे पानं गोळा करतात तिथे, काम करणारे. काविळीमुळे दर तिसऱ्या दिवशी त्यांचं रक्त घ्यावं लागायचं. ते म्हणायचे, “तुमी विकून राह्यले, बाई. मले सांगू नोका, पन विकून राह्यले.” एके दिवशी हटूनच बसले, “माहं रक्त मले दाखवा. आहे का गेलं?”

म्हटलं, चला. त्यांना आत नेलं. ट्यूब मशीनमध्ये गरगर फिरवून झाली होती. फिरवल्यावर लाल रक्त खाली बसतं आणि वर पाणी राहतं. कावीळ असली की ते पाणी पिवळंधमक दिसतं. ट्यूब त्यांच्यासमोर धरली.

भाऊंनी वाकून ट्यूब बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मी देल्लं तवा पुरं लाल होतं. तुमी त अर्धं तेल मिसळवलं!”

*

जवळच्या एका टोल्यावरचा शंकर कावीळ घेऊन ॲडमिट झाला. टोला म्हणजे गावापासून सुटलेली पंधरा-वीस घरं. त्याची बायको डॉक्टरांना म्हणाली, “मोहाची पेते, साहेब. दुसरं काई नाई.” शंकर म्हणाला, “सालभर झालं सोडून!” डॉक्टरांनी त्याचं तोंड हुंगलं, डोळे बघितले आणि कोणावरच विश्वास ठेवला नाही.

पण त्याच आठवड्यात त्याच टोल्यावरून आणखी चार जण आले. त्यातली एक सत्तर वर्षांची म्हातारी, एक अंगणवाडीची ताई. आता म्हातारी आणि अंगणवाडीची ताई मिळून मोह पितात, असा संशय तर डॉक्टरांनाही घेता येईना! ते स्वतः टोल्यावर गेले. नळाचा पाइप नाल्यातून गेलेला, जोड फुटलेला. पाऊस पडला की नाल्याची घाण पाइपात. पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई!

डॉक्टर परत आले आणि वॉर्डात उभे राहून सगळ्यांना मोठ्याने म्हणाले, “दारूचा काई संबंध नाई. पाण्यानं झालं. पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका!”

शंकर खाटेवर ताडकन उठून बसला. “आयकलं का वं? पान्यानं झालं! दारू पेत होतो तवा झालं होतं काय कधी?”

त्याच्या बायकोने डॉक्टरांकडे असं बघितलं, की मीच मान खाली घातली. ती म्हणाली, “साहेब, तुमी जरा हळू सांगाचं होतं ना!”

*

काविळीचे पेशंट आमच्याकडे येण्याआधी एका वैदूकडे जाऊन येतात. तो पेशंटच्या हाताला कसल्यातरी झाडाची साल चोळतो आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो. पाणी पिवळं होतं. “उतरली कावीळ!”

आमच्या शेंडे सिस्टरला भारी संशय. सुट्टीच्या दिवशी ती स्वतःच गेली, धडधाकट! साधी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन. वैदूने साल चोळली, हात धुवायला लावले. पाणी पिवळं!

“बापरे, लईच होती तुमाले,” वैदू म्हणाला.

सिस्टरने येऊन हा किस्सा अख्ख्या दवाखान्याला ऐकवला. आम्ही पोट धरून हसलो.

दोनेक महिन्यांनी लॅबच्या मागच्या दाराशी कोणीतरी उभं. तोंडाला गमछा. बाजूला केला तर वैदू! डोळे लिंबासारखे पिवळे. “बाई, रक्त पाहा. पन नाव लिवू नोका.”

तेवढ्यात सिस्टर आली. तिने ओळखलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “काऊन, भाऊ? चुना सरला का साल सरली?”

वैदू अजिबात ओशाळला नाही. म्हणाला, “सिस्टर, डॉक्टर आपल्या हातानं आपलंच पोट फाडते काय?”

*

आता हा किस्सा हसण्यासारखा नाही. पण आमच्यात तो सांगितल्याशिवाय बैठक उठत नाही.

त्या फुटक्या पाइपाच्याच टोल्यावरची सुनंदा. सातवा महिना लागलेला, पहिलटकरीण. हिपॅटायटिस ई गरोदर बाईला झाला तर जिवावर उठतो, म्हणून डॉक्टरांनी तिला नजरेसमोरच्या खाटेवर ठेवलं होतं. दर दोन दिवसांनी लिव्हरची तपासणी.

लिव्हरच्या पेशी मरतात, फुटतात, तेव्हा त्यांच्या आतला माल रक्तात सांडतो. तोच आम्ही मोजतो. त्याला म्हणतात एसजीपीटी. चाळीसच्या आत असावा लागतो. सुनंदाचा पहिला आला चोवीसशे. तिचा नवरा प्रकाश भिंतीला टेकून खालीच बसला.

दोन दिवसांनी आला नऊशे. प्रकाश उठून उभा राहिला.

आणखी दोन दिवसांनी आला एकशे दहा! प्रकाशने बस स्टँडवरून पेढे आणले. पहिला पेढा मला दिला. म्हणाला, “बाई, तुमच्या हाताले यश आहे!”

मी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. कारण सकाळी सुनंदाचं रक्त काढल्यावर टोचलेल्या जागी मी कापूस दाबला होता, तो भिजला. दुसरा दाबला, तोही भिजला. रक्त थांबायचं नावच घेईना. आणि सुनंदा मला म्हणाली होती, “आई, चूल विझली काय?” मी तिची आई नव्हते. चूलही नव्हती.

मी रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आकडा बघितला, त्यांचा चेहरा उतरला. “बिलिरुबिन?” म्हणजे रक्तातला काविळीचा पिवळा रंग.

“वाढलं.”

“रक्त गोठायला किती वेळ लागून राह्यला?”

“गोठतच नाही, सर.”

ते खुर्ची मागे सारून उठले. “रंगारी बाई, हा आकडा कमी नाई झाला. फुटाले पेशीच उरल्या नाईत, त आकडा येईन कुठून?”

प्रकाश दारातच पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता. त्याला समजेना. “कमी झालं ना, साहेब? कमी झालं ना?” डॉक्टरांनी त्याच्या हातातला पुडा काढून टेबलावर ठेवला आणि त्याला खांद्याला धरून ॲम्बुलन्सकडे नेलं. मोठ्या दवाखान्यापर्यंत चार तासांचा रस्ता. मी सोबत गेले. सुनंदा अर्ध्या रस्त्यात बोलायची थांबली. उरलेला रस्ता प्रकाश तिचं नाव घेत राहिला.

बाळ गेलं. सुनंदा बावीस दिवस बेशुद्धी आणि शुद्धीच्या मध्ये राहिली, आणि वाचली. लिव्हरचं हे एक आहे, जिवंत राहिलेल्या थोड्याशा पेशी पुन्हा वाढतात, घर भरून काढतात.

चार महिन्यांनी दोघं तपासणीला आले. सुनंदा बारीक झालेली, पण डोळे पांढरेशुभ्र. एसजीपीटी आला बत्तीस. डॉक्टर एवढे खूश, की त्यांनी स्वतः मोठ्याने वाचून दाखवला.

प्रकाश हसला नाही. रिपोर्ट हातात घेऊन त्याने एकदा डॉक्टरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला,

“साहेब, हे खरंवालं कमी आहे ना? का त्या दिवशीवालं?”

*

आलापल्लीच्या पुढे, सागाच्या जंगलातल्या एका गावची गोष्ट. तिथल्या एका सुनेच्या बाळंतपणाच्या तपासणीत हिपॅटायटिस बी निघाला. हा रक्तातून पसरतो, वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये दबून बसतो, माणसाला पत्ताही लागू देत नाही. म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची होती. मी आणि शेंडे सिस्टर पेटी घेऊन गेलो.

सगळ्यांनी हात पुढे केले. फक्त सासरा, दसरू भाऊ, अंगणातल्या खाटेवरून हलेना. साठीच्या पुढचा, काटक माणूस.

“सगळ्याच घरचं रक्त तुमी नेता,” तो म्हणाला. “तुमचं कोन नेते?”

सिस्टरने समजावलं. मी समजावलं. सुनेने समजावलं. दसरू भाऊ ऐकून घ्यायचा आणि पुन्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, “आधी हिचं काढा. माह्यासमोर. मंग माहं.”

दुपार व्हायला आली होती. मी म्हटलं, बरं! बाही वर केली, सिस्टरने माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि रक्त काढलं. दसरू भाऊने वाकून वाकून बघितलं. सुई खरीच आत जाते का, रक्त खरंच येतं का. मग समाधानाने आपला हात पुढे केला.

दोन किट शेजारी शेजारी ठेवल्या. बोटाएवढी पांढरी पट्टी असते. तिच्यावर थेंब टाकायचा आणि पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ सगळ्यांनाच उमटते, ती किट चालू असल्याची खूण. तिच्या खाली दुसरी उमटली, तर आजार आहे.

दसरू भाऊने उठून अंगणातला एक खडा आणला आणि आपल्या किटसमोर ठेवला.

“हे काऊन?” सिस्टर म्हणाली.

“तुमी बदलवान म्हनून.”

आम्ही हसलो. सुनेने काळा चहा आणला. सिस्टर तिला औषधाचं समजावत होती. मी घड्याळ बघत होते. पंधरा मिनिटं झाली.

खड्यासमोरच्या किटवर एक रेघ होती.

मी दुसरी किट हातात घेतली. उजेडात धरली. पुन्हा खाली ठेवली. सिस्टर बोलता बोलता थांबली आणि तिने माझ्या मनगटाला हात लावला.

दसरू भाऊ खाटेवरून उठून आला. बोट टेकवून त्याने आधी आपल्या रेघा मोजल्या, मग माझ्या. माझ्याकडे संशयाने बघितलं. मग म्हणाला,

“मले एकच अन् तुले दोन? सरकारी मानसाले सगळंच जास्त भेटते, बाई!”