माझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स

गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी मी वारलो आणि दुपारच्या चहाला घरी परत आलो. मधल्या वेळात जे काही झालं त्याला जबाबदार माणूस एकच : चिकोडीचा महांतेश.

(माझी बायको सुनंदा हे मान्य करत नाही. तिच्या मते जबाबदार माणूस निपाणीतच राहतो आणि तिच्याच ताटातली चटणी पळवतो.)

निपाणीत माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. वय पन्नाशीला टेकलंय, पोट वयाच्याही पुढे गेलंय. तरी माणसाला एखादा नाद असतोच. मला 'शून्यपार' या मालिकेचा आहे. मालिका परदेशी, बोलणं हिंदीत. कॅप्टन झोरान नावाचा गडी आपलं यान घेऊन ग्रहाग्रहांवर भटकतो आणि दर शुक्रवारी कुठेतरी अडकतो. आता या विषयावर बोलायला निपाणीत माणूस कुठून आणायचा? एकदा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला मी मोठ्या प्रेमाने कृष्णविवर समजावून सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या अण्णा, युरिया आलाय काय तेवढं सांगा."

म्हणून मी मोबाइलवर ग्रुप काढला. नाव 'शून्यपार परिवार'. बघता बघता बेळगाव, खानापूर, चिकोडी, उचगाव असे चहूकडचे वेडे जमा झाले. मी अ‍ॅडमिन! सकाळी उठून 'सुप्रभात, अंतराळवीरांनो' एवढं टाकलं की खाली लाल बदामांची रांग लागायची. कुणी 'अण्णा, भारी' म्हणायचं. घरात मला कुणी भारी म्हणत नाही, त्यामुळे दात घासायच्या आधी मी बदाम मोजायचो.

आणि मग महांतेश आला. त्याला ग्रुपवर आणलं कुणी? मीच!

महांतेश चिकोडीच्या शाळेत कन्नडचा मास्तर. घरात कन्नड, शाळेत कन्नड, स्वप्नंसुद्धा बहुधा कन्नडच. पण ग्रुपवर लिहायचा ते मराठीत, आणि असं लिहायचा की वाचताना घशात आवंढा यावा. इथे सीमाभागात मराठीसाठी माझ्या वडिलांनी पाठीवर लाठ्या खाल्ल्या, आणि मराठी येत होती कुणाला, तर महांतेशला! माझ्या 'सुप्रभात'ला दहा-बारा बदाम, आणि त्याने नुसतं 'आज यानाच्या खिडकीतून पृथ्वी दिसली नाही, चुकल्यासारखं झालं' असं लिहिलं की मोबाइल थरथरायला लागायचा. तसा गडी सोन्यासारखा. रोज संध्याकाळी आमचा फोन, अर्धा तास यानाच्या गप्पा. पण दोस्ती वेगळी आणि बदाम वेगळे. मला हेवा वाटायचा. असा वाटायचा की जेवताना घास उतरायचा नाही (सुनंदा म्हणते, उतरायचा).

त्या शुक्रवारी कॅप्टन झोरान मेला.

यान वाचवायला एकटा मागे थांबला, हेल्मेटच्या काचेतून एकदा ताऱ्यांकडे बघितलं आणि संपला. मी हुंदके देऊन रडायला लागलो. सुनंदा लसूण सोलत होती, ती घाबरली.

"कोण गेलं हो?"

"कॅप्टन झोरान!"

"कुठला? संकेश्वरचा?"

मी डोळे पुसले आणि ग्रुपवर सगळ्यात आधी, म्हणजे महांतेशच्या आधी, श्रद्धांजली टाकली : 'कॅप्टन झोरान अमर रहे.' पंधरा बदाम आले. मी समाधानाने पाठ टेकली. तेवढ्यात महांतेशने लिहिलं. काय लिहिलं ते मी इथे सांगणार नाही, कारण ते फार चांगलं होतं. खानापूरच्या एका बाईंनी लिहिलं, 'सर, पोळी करपली, पण वाचून संपवलं.' उचगावच्या एकाने तर 'हे वाचायला कॅप्टन हवा होता' असं म्हटलं. आणि बदाम! वर सरकवतोय, सरकवतोय, रांग संपेना. माझं 'अमर रहे' त्या गर्दीत कुठे चिरडून गेलं ते सापडेना.

मी ठरवलं, शब्दात हा माणूस आपल्याला ऐकत नाही. मग शब्दांच्या पलीकडचं काहीतरी पाहिजे. आणि आमच्या भागात शब्दांच्या पलीकडे एकच गोष्ट असते : फ्लेक्स!

मी उठलो तो थेट चौकातल्या राजूच्या फ्लेक्सच्या दुकानात. राजूने भावपूर्ण श्रद्धांजलीचा तयार नमुना काढला. दोन समया, ढग, एक उडणारं कबूतर.

"फोटो द्या अण्णा."

मी कॅप्टनचा शेवटचा फोटो दिला. राजू बघतच राहिला.

"त्वांडच दिसंना की हो."

"हेल्मेट घालून गेला त्यो."

"गाडीवरनं?"

"यानातनं. तू गप लाव."

"बरं. आन खाली शोकाकुल म्हणून तुमचं नाव?"

"नाव आन फोटो. फोटो मोठा घे."

आता इथे आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. फ्लेक्सवर सगळ्यात मोठं तोंड, ज्याचा वाढदिवस असतो त्याचं नसतं. ते फ्लेक्स लावणाऱ्याचं, म्हणजे शुभेच्छुकाचं असतं. उत्सवमूर्ती वरच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी. ही रीत सगळ्या चौकांनी मान्य केलेली आहे आणि मी तिच्यातच लहानाचा मोठा झालोय. म्हणून मी म्हटलं, आपला फोटो मोठा.

राजू जरा चुळबुळला. "अण्णा, दुखवट्याचा हाय न्हवं? तुमचा मोठा बरा दिसंल?"

"मग कुणी लावलाय ते लोकांना कसं कळणार रं?"

दुकानाच्या उद्घाटनाचा फेटेवाला, हसरा फोटो मी निवडला. कॅप्टनचं हेल्मेट माझ्या खांद्याशेजारी बसलं. त्याचं नाव खाली, 'शोकाकुल'च्या वर. बेत असा होता की राजूने सकाळी फ्लेक्स चौकात बांधायचा, मी बेळगावला कंपनीची मीटिंग उरकून यायचं, फ्लेक्सखाली उभं राहून फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. महांतेशने काय लिहायचं ते लिहू दे. चिकोडीत कॅप्टनचा फ्लेक्स आहे? नाही ना! कुणाला वास लागू नये म्हणून मी ग्रुपला सांगितलं नाही. सुनंदाला तर नाहीच.

सकाळी बेळगावच्या एसटीत बसलो आणि सवयीने ग्रुप उघडला. महांतेशचे बदाम रात्रीतून वाढलेले! बघवेना. मी रागाने मोबाइल बंद करून खिशात कोंबला. मीटिंगमध्येही चालू केला नाही.

पुढचं मला नंतर कळलं. राजूने शब्द पाळला, फ्लेक्स बांधला. पण त्याच्या खालीच रसवंतीवाला उभा राहतो. ऊन लागतंय म्हणून त्याने आपली ताडपत्री फ्लेक्सच्या दोऱ्यांना ताणून बांधली. फ्लेक्सचा खालचा भाग गुडुप. कॅप्टनचं नाव गेलं, 'शोकाकुल' गेलं. उरलं काय? वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये फेटा घालून हसणारा मी, आणि शेजारी ते हेल्मेट.

पहिल्यांदा बघितलं आमच्या शेजारच्या तानाजीमामांनी. ते रस प्यायला थांबले होते. अर्धा पेला तसाच ठेवून धावत आमच्या दारात.

"सुनंदा, सुभास कुठं हाय गं?"

"बेळगावला गेलेत की. का?"

मामा पायरीवर बसले आणि चौकातल्या फ्लेक्सचं सांगितलं.

सुनंदाने मला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. चौकात जाऊन फ्लेक्स बघितला आणि भर रस्त्यात रडायला लागली (हे ती मला सांगत नाही, तानाजीमामांनी सांगितलं). तरी डोकं शाबूत ठेवून तिने फ्लेक्सच्या कोपऱ्यातला राजूचा नंबर लावला. राजू त्या वेळी एका लग्नात होता. बँडच्या आवाजात ओरडून त्याने एवढंच सांगितलं, "व्हय वैनी, अण्णांनीच ऑर्डर दिली! फोटो पण सोताच निवडला!" आणि फोन कट.

झालं! सुनंदाने मोठ्यांदा हे सांगितलं आणि बायकांनी गळा काढला.

"सोताच्या हातानं फोटो निवडून गेला गं माणूस!"

"आदी कळलं असणार त्याला. पुण्यवान!"

"पर ते शेजारी काय हाय फोटोत?"

"पाण्याची टाकी हाय. टाकीत पडलं वाटतं बेळगावात."

दुपारपर्यंत मी टाकीत पडून मेलो हे गल्लीत पक्कं झालं. मेलेल्याच्या घरी चूल पेटवायची नसते, म्हणून तीन घरांतून भाकरी-पिठलं आलं. तेवढ्यात निपाणीतून जाणाऱ्या ग्रुपच्या एका मेंबरने एसटीच्या खिडकीतून फ्लेक्सचा फोटो काढून ग्रुपवर टाकला : 'अ‍ॅडमिन अण्णा गेले.'

मी उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. स्टँडवरचा पानवाला माझ्याकडे बघून दोन पावलं मागे सरला. मी म्हटलं, उधारी मागतो की काय, आणि पुढे निघालो. आमच्या गल्लीत दाराबाहेर चपलांचा ढीग. आतून रडण्याचा आवाज. सुनंदाला काही झालं? मी गर्दीत घुसलो. सगळे आत तोंड करून बसलेले, मागे कोण आलं ते कुणी बघेना. सुनंदा भिंतीला टेकून बसलेली दिसली. धडधाकट. मग गेलं कोण?

मधोमध महांतेश उभा होता. चिकोडीहून गाडी मारत आलेला, डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. काचेआड डोळे लाल.

"काय सांगू तुम्हास्नी," तो सगळ्यांना सांगत होता. "माझी बायको बेळगावच्या दवाखान्यात हुती, आमचं तिथं कोण न्हाय. ह्यो माणूस रोज निपाणीहून डबा घेऊन येत हुता. एकदा पण चुकला न्हाय. मला झोप येत नव्हती म्हणून रोज फोन करून यानाच्या गोष्टी सांगायचा. तेवढ्यासाठी मी त्या ग्रुपात ऱ्हायलो बगा. मला मालिका तितकी आवडत पण न्हाय!"

कोण हा देवमाणूस, असं मी म्हणायच्या बेतात होतो. मग लक्षात आलं, निपाणीहून डबा नेणारा मीच! माझ्याच मयताला आलोय! आणि खरं सांगतो, घाबरायच्या आधी मला त्या मेलेल्या माणसाचा हेवा वाटला. जिवंतपणी मला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. शिवाय तो डबा मी नेत होतो त्यात माझाही स्वार्थ होता. दवाखान्यात त्याला मोबाइल बघायला वेळ नव्हता, आणि तेवढे दिवस ग्रुपवर मी निर्धास्त होतो.

न राहवून मी म्हणालो, "पिठलं पण न्यायचो. ते सांग की."

महांतेशने वळून बघितलं. काचेतून बघितलं, मग काच वर करून बघितलं. "अय्यो शिवा!" म्हणून खालीच बसला. बायका किंचाळल्या. तानाजीमामा खिडकीतून बाहेर गेले (गुडघे दुखतात म्हणून जिना चढत नाहीत हे). एकटी सुनंदा उठली. माझ्याजवळ आली, माझा दंड चाचपून बघितला, आणि मग समोरच्या परातीतली भाकरी उचलून माझ्या पाठीत घातली. ज्वारीची होती, सकाळची. लागली.

"फोन का बंद हुता?" ती रडत ओरडली. "का बंद हुता फोन?"

भरल्या गल्लीत, महांतेशसमोर, मी खरं सांगितलं. बदाम. हेवा. फ्लेक्स. बोलता बोलता मला इतकी लाज वाटली की टाकीत पडलो असतो तर बरं, असं झालं. महांतेशने मला कडकडून मिठी मारली आणि कानात कन्नडमध्ये एक शिवी दिली. ती फार सुंदर होती. या माणसाचं लिखाण कुठल्याच भाषेत वाईट नाही. मग आलेलं पिठलं सगळ्यांनी मिळून खाल्लं.

जेवल्यावर मी मोबाइल चालू केला. महांतेशने निघायच्या आधी ग्रुपवर माझ्यावर श्रद्धांजली लिहिली होती. वाचली. कॅप्टनवर लिहिली होती ती याच्यापुढे काहीच नाही! आणि बदाम तर ग्रुपच्या इतिहासात कुणाला मिळाले नसतील एवढे. मी खाली घाईघाईने लिहिलं : 'मित्रहो, मी जिवंत आहे.' चार अंगठे आले. त्यातला एक तानाजीमामांच्या मुलाचा, तो ग्रुपवर चुकून आहे.

परवा फोनवर मी महांतेशला विचारलं, "गड्या, सगळं चांगलं चांगलं तू लिहून बसलास. उद्या मी खरंच गेलो तर काय लिहिणार?"

"त्यात काय अण्णारी?" तो म्हणाला. "तेच परत फॉरवर्ड करतो की!"

तेव्हापासून मी साखर सोडलीय, तेलकट बंद केलंय आणि रोज पहाटे उठून स्तवनिधीच्या घाटापर्यंत चालून येतो. सुनंदाला वाटतं, मला तिच्यासाठी जगायचंय. तिला काय सांगू? त्या माणसाला माझ्यावर पुन्हा तेवढे बदाम मिळालेले मला बघवायचे नाहीत!