शेवटच्या कडव्याचा ठराव

बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने मुंबईत आमच्या गायन पार्टीचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं माझ्या आत्याने रचलं होतं आणि तिनेच गायलं. कंपनीची मालकी तेव्हा परदेशी गटाकडे होती.

पार्टी उमापूरची, सात जणांची, सगळे बौद्धवाड्यातले. वडील पेटी वाजवत. मी कोरसमध्ये होते. त्या वर्षी आम्ही बहुतेक जण पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतो आणि गाणं त्या कामावरच्या बायकांचं होतं. गेवराईला जयंतीत ते ऐकून बीडच्या एका रेडिओ दुकानदाराने कंपनीला कळवलं.

पार्टीचा कारभार सोसायटीसारखा चाले. तबला वाजवणारे, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, गावच्या सेवा सोसायटीत शिपाई होते. वाद्यं सर्वांच्या वर्गणीतून घेतलेली, म्हणून मत प्रत्येकाला एक. कुठे गायचं, कुणाचं आमंत्रण नाकारायचं, हे ठराव मांडून आणि हात वर करून ठरे.

स्टुडिओत तालीम झाल्यावर कंपनीचे अधिकारी काचेमागून बाहेर आले. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावतात, गाणं त्याहून लांब आहे, असं त्यांनी सांगितलं. शेवटचं कडवं काढायचं त्यांनी सुचवलं.

त्या कडव्यात आत्याचं नाव होतं. आमच्याकडे रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेलं असतं.

"बाई, तुमचं नाव आम्ही तबकडीवर छापणारच आहोत," अधिकारी म्हणाले.

"छापा की. पण साहेब, लग्नात मानसं भोंगा ऐकत्यात. चकती कोन वाचतंय? आन् आमच्या आळीत वाचता येतंय किती जनाला?"

"मग मधलं एखादं कडवं काढू."

"मधलं काढलं तर गान्यातली बाई खडी न फोडताच हजरी घेती."

अधिकारी हसले, पण वेळेचं कोडं सुटलं नाही. पुढची पार्टी बाहेर बसली होती. गाणं लहान झालं नाही तर रेकॉर्डिंग होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मामांनी व्हरांड्यात सभा बोलावली. पहिल्यांदा वडील बोलले. गाण्याआधी त्यांची पेटी एकटी वाजत असे. त्या सुरावटीवरून तालुक्यात आमची पार्टी ओळखली जाई.

"सुरुवातीची पेटी काढा," ते म्हणाले. "हा माझा ठराव."

"येडा झालास का?" आत्या म्हणाली. ती त्यांची मोठी बहीण. "तुझी पेटी ऐकून तर मानसं गोळा होत्यात."

"भोंगा लागंल तिथं मानसं आधीच बसल्याली असत्यात, अक्का."

"मग तू काय करनार बे?" मामांनी विचारलं. "नुसती हवा भरनार?"

"भरतो की. ह्या साली तीच लई हाय."

ढोलकीवाल्याने अनुमोदन दिलं. आत्याने हात वर केला नाही. बाकी सहा हात वर झाले, त्यात वडिलांचा आणि माझाही होता. ठराव मंजूर झाला. आत जाऊन मामांनी तो अधिकाऱ्यांना उभ्याने वाचून दाखवावा तसा सांगितला. "चालेल," एवढंच अधिकारी म्हणाले. गाणं पहिल्याच खेपेला झालं.

पाऊस पडल्यानंतरच्या लग्नसराईत तबकडी गेवराई, शिरूर कासार, आष्टीपर्यंत वाजली. सहकारी साखर कारखान्यात गाळप सुरू करताना उसाची पहिली मोळी टाकण्याच्या कार्यक्रमातही ती लागली. मांडवात जमीनदार मंडळी पुढे बसली होती, मागे ऊसतोडीच्या टोळ्या. शेवटच्या कडव्याला टोळ्यांमधल्या बायकांनी आत्याचं नाव मोठ्याने उचललं. आत्या त्यांच्यातच बसलेली होती. आष्टीच्या बाजारात पुढे अनोळखी बायकाही तिला नावाने हाक मारत.

कंपनी नंतर देशातल्या एका उद्योगसमूहाने घेतली. तबकड्या बंद होऊन कॅसेट आल्या. आमचं गाणं लोकगीतांच्या एका कॅसेटमध्ये आलं. वेष्टनावर फक्त गाण्याची पहिली ओळ होती. काही वर्षांनी मालकी पुन्हा बदलली आणि जुनी ध्वनिमुद्रणं नव्या मालकाकडे गेली.

सध्या ते गाणं मोबाइलवर मिळतं. गीतकाराच्या जागी "पारंपरिक" असं लिहिलेलं आहे. सुरुवातीला पेटी नाही. शेवटचं कडवं पूर्ण आहे.