बाजारतळावरचं कुलूप

रुद्राणी शेटे औरंगाबादहून आर्किटेक्ट होऊन आली, तेव्हा शिवलिंगप्पांनी आपल्या सिमेंट-सळईच्या दुकानाच्या माडीवर लेकीला ऑफिस काढून दिलं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "नकाशा वरून घ्या, सिमेंट खालून." लोक माडीवर चढायचे आणि तिलाच विचारायचे, "साहेब कुठं हायत?" ती म्हणायची, "बसा. मीच साहेब." हळूहळू तिनं बांधलेल्या घरांत दुपारी वारा खेळतो, हे तालुक्यात पसरलं आणि कामं आपोआप येऊ लागली.

एका रविवारी ती बाजारतळावर गाळ्याचं माप घेत होती. शेजारी भाजी विकणारी बायनाबाई उन्हानं भोवळ येऊन पडली. युसूफ वडगाव या खेड्यातली बाई, दर बाजाराला यायची. रुद्राणीनं पाण्याची बाटली पुढं केली. बायनाबाईनं नुसते ओठ ओले केले.

"पी की, मावशी."

"पिऊन जायचं कुठं, बाई? सांजंपस्तोर बसायचं हाय. बाजारच्या दिशी आमी पाणीच पेत न्हाई."

रुद्राणीनं बाजारतळावर नजर फिरवली. गावात चार मंगल कार्यालयं तिनंच उभी केली होती, आणि शेकडो बायका दिवसभर बसतात तिथं आडोशाची एक भिंत नव्हती. तिनं बाजारतळासाठी स्वच्छतागृहाचा नकाशा फुकट करून नगरपालिकेत दिला. तो तिथंच धूळ खात पडला.

पुढं निवडणूक आली. प्रभाग बायकांसाठी राखीव निघाला आणि पेठेतली मतं पाहिजेत म्हणून अमरसिंह देशमुख तिला उभं राहा म्हणून सांगायला स्वतः दुकानात आले. नगरपालिका त्यांच्या शब्दावर चालायची. रुद्राणीनं एकच अट घातली, बाजारतळावरच्या स्वच्छतागृहाची. ते हसले. "एवढंच? ताई, पहिलं काम तेच करू."

ती निवडून आली, बांधकाम समितीची सभापती झाली. ठराव झाला, इमारत उभी राहिली. वाळूत माती दिसली तेव्हा तिनं ट्रक परत पाठवला. ठेकेदार होता अमरसिंहांचा पुतण्या बंकट, त्यानं ते लक्षात ठेवलं. फीत कापली, फोटो निघाले. पुढच्या बाजाराला दाराला कुलूप होतं. फटीतून पाहिलं तर आत मंडपाच्या खुर्च्या आणि फ्लेक्सच्या चौकटी रचलेल्या.

"पाण्याची लाईन यायचीय अजून, ताई," बंकट म्हणाला.

लाईन आली, पण ती वळली वेशीवरच्या नव्या कमानीकडं. कमानीपुढं कारंजं उडू लागलं. बाजारतळावर बायका तशाच सुकलेल्या तोंडानं बसून राहिल्या.

सर्वसाधारण सभेत रुद्राणी उभी राहिली आणि किल्ली कुणाकडं आहे ते विचारलं. अमरसिंह म्हणाले, "ताई, सभागृहात संडासाच्या गप्पा बऱ्या दिसत न्हाईत." माणसं खदाखदा हसली. बाकीच्या नगरसेविका खाली बघत राहिल्या. त्यांचे नवरे त्यांच्या मागच्याच खुर्च्यांवर बसले होते.

"मग तुमच्या घरच्या बायका रविवारी तिथं आणून बसवा," रुद्राणी म्हणाली. "पाणी पाजून बसवा. सांजंपर्यंत."

हसणं थांबलं. अमरसिंहांनी पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

रविवारी तिनं अप्पांच्या दुकानातला घण उचलला आणि भरबाजारात कुलूप फोडलं. बायनाबाई आणि मनीषा नावाची बांगडीवाली आत घुसल्या, खुर्च्या बाहेर फेकू लागल्या. बघता बघता साऱ्या बायका मदतीला आल्या. विहिरीवरून घागरी भरून त्यांनी टाकी भरली.

दुसऱ्याच दिवशी सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची फिर्याद झाली. समितीचं सभापतिपद काढून घेतलं. अप्पांच्या दुकानातून बंकटच्या कामांना माल जायचा तो बंद झाला. अप्पा कळवळून म्हणाले, "रुद्रा, माफी मागून टाक. आपण दुकानदार माणसं."

"माफी त्यांनी मागावी, अप्पा! मीच बांधलं, मीच फोडलं, आणि चोर मीच?"

तिनं नगरसेवकपदाचा राजीनामा दिला. अप्पा कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. बाजारातल्या बायकांनी मात्र नळ येईपर्यंत बाजारपट्टी द्यायची नाही असं ठरवलं. पावती फाडायला आलेल्या माणसाला बायनाबाईनं वाटेतच अडवलं, "आदी पाणी, मग पावती." एक बाजार गेला, दुसरा गेला. तिसऱ्याच्या आत नळ आला. दारावर अमरसिंहांच्या नावाची पाटीही आली. नळाच्या उद्घाटनाला रुद्राणीला कुणी बोलावलं नाही. पाटी पाहून ती घरी आली आणि भिंतीवर हात आपटून रडली.

खटला अजून चालू आहे. तारखेला ती एकटी जाते. मोठी कामं तुटली. पुन्हा उभं राहा म्हणून माणसं येतात. ती त्यांना चहासुद्धा विचारत नाही.

सध्या नारायणगडाच्या रस्त्यावर एका धर्मशाळेचं काम तिच्याकडं आहे. विश्वस्तांनी बायकांची न्हाणीघरं कमी करून सभागृह वाढवायला सांगितलं, तेव्हा तिनं नकाशा गुंडाळला आणि चालू लागली. फाटकापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारून परत बोलावलं. न्हाणीघरं राहिली. काल दुपारी ती तिथं उन्हात उभी होती आणि सटवा गवंड्यावर ओरडत होती, कारण न्हाणीघरातल्या फरशीचा उतार मोरीऐवजी दाराकडं झाला होता. त्यानं कुरकुर करत सगळी फरशी उखडली. ती तिथून हलली नाही.