फांदीच्या दोन आया

आमच्या गल्लीत केस कापायचं दुकान एकच, आणि ते चालवतात मावशी. त्या नक्की कोणाच्या मावशी, हे कुणालाच ठाऊक नाही; पण हातात कात्री असलेल्या बाईशी नातं जोडून ठेवलेलं बरं, असा सगळ्यांचा धोरणी विचार. दुकानात दोन खुर्च्या आणि तीन आरसे. त्यातला तिसरा आरसा रस्त्यावर कोण कुठे चाललंय ते मावशींना दिसावं म्हणून. शिवाय एक उंच कपाट. कपाटावर फांदी झोपते.

फांदी म्हणजे मावशींची मुलगी. तिला लहानपणी माकडांनी वाढवलं. गल्लीत नवा कोणी आला की त्याला आम्ही हे इतक्या सहज सांगतो, की जणू पोरगी आधी दुसऱ्या शाळेत होती.

ती सापडली मामांना. मामा म्हणजे मावशींचे भाऊ, लाकडाच्या ट्रकवर ड्रायव्हर. जंगलातल्या रस्त्याला ट्रक थांबवून ते डबा उघडून बसले होते. झाडावरून टोळी उतरली, डबा गेला. डबा नेणाऱ्या माकडाकडे मामा शिव्या देत बघतात, तर त्याला शेपूट नाही!

"म्हटलं, शेपूट नाही म्हणजे हे आपल्यातलंच," असं मामा अजून सांगतात. ऐकणाऱ्याला वाटावं, स्वतःला शेपूट नसल्याचा शोध त्यांना त्याच दिवशी लागला.

पोलिसांनी आईबापांचा पुष्कळ शोध घेतला. कोणी आलं नाही. तेव्हा मावशी कंगवा घेऊन पुढे झाल्या. पोरीच्या केसांचा नुसता गोळा झाला होता. दुसऱ्या कोणी सरळ कापून टाकला असता. मावशी तो एकेक बट करत सोडवत बसल्या, आणि गुंता सुटला तोवर त्या आई होऊन बसल्या होत्या.

आता अशी पोरगी शेजारी आल्यावर माणसानं गप्प कसं बसावं? मी तर तिला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. माकडं स्वप्नं बघतात का? पावसात काय करतात? "भिजतात," ती म्हणायची. एकदा मी विचारलं, "तू गिऱ्हाइकांकडे बघून हसत का नाहीस गं?" तर म्हणाली, "काका, दात दाखवले म्हणजे चावायला आले. तुम्ही सगळे दारातून दात दाखवतच आत येता. आई म्हणते ते प्रेम असतं. मी आता पळत नाही, एवढं पुरे." त्या दिवसापासून मी दुकानात सुतकी चेहरा करून शिरतो. ती खूश होते, म्हणजे अर्थात तीही सुतकी चेहरा करते.

मोठी झाल्यावर फांदी दुकानातच कामाला लागली. बोटं अशी हलकी, की माझ्यासारखा टक्कलाच्या उंबरठ्यावरचा माणूसही दोन मिनिटांत घोरायला लागावा. भानगड व्हायची ती काम झाल्यावर. कापड झटकलं, की ही बया गिऱ्हाइकासमोर उकिडवी बसायची आणि स्वतःचं डोकं पुढे करायची. माकडांत तशी रीतच: मी तुझं डोकं बघितलं, आता तू माझं बघ. मुख्याध्यापकांनी डोक्यावर हात ठेवून "यशस्वी हो" म्हटलं. दातांच्या डॉक्टरांनी "तोंड उघड" म्हटलं. ती बिचारी वाट बघून बघून उठायची.

"अगं, लोक पैसे देतात. तिथं फिटलं," मावशी समजवायच्या.

"पैसे तुझ्या गल्ल्यात जातात. माझं डोकं कोण बघणार?"

"मी रोज बघते की!"

"तू कंगवा फिरवतेस आणि घड्याळ बघतेस."

मावशींनी कात्री धार लावायला घेतली. कोंडीत सापडल्या की त्या हेच करतात. त्या दिवशी कात्री निम्मी झिजली असेल.

आणि मग यंदा माकडं गावात आली. दुकानामागे जुनी, बंद पडलेली लाकडाची वखार आहे, तिथे टोळीनं मुक्काम टाकला. गल्लीत वाळत घातलेले कपडे जाऊ लागले, डॉक्टरांचा चष्मा गेला. फांदी मात्र कपाटावरून उतरली की मागच्या खिडकीशी जाऊन बसे. तिनं एकीला ओळखलं होतं: कान फाटलेली एक म्हातारी माकडीण. "ही मला पोटाशी धरून फिरायची," एवढंच ती म्हणाली. मावशींनी खिडकी लावून घेतली. फांदी दारानं जाऊ लागली.

तशात मामा बातमी घेऊन आले. मी तेव्हा खुर्चीत होतो, डावी बाजू कापून झाली होती.

"उद्या सकाळी नगरपालिकेची गाडी येतेय. पिंजरे लावून सगळ्यांना नदीपलीकडच्या जंगलात सोडणार."

फांदीनं कात्री खाली ठेवली आणि निघून गेली. उजवी बाजू तशीच.

मावशी दारापर्यंत गेल्या. "ही त्यांच्याबरोबर जाणार," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. मग एकदम माझ्यावर खेकसल्या, "बसलात काय असे? चला!"

गळ्यात पांढरं कापड, अर्धं डोकं भादरलेलं, असा मी वखारीत शिरलो. माकडांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मला वाटतं त्यांनाही वाईट वाटलं.

ओंडक्यांच्या ढिगावर फांदी बसली होती. मागे ती म्हातारी, फांदीच्या केसांत बोटं घालून, जगात दुसरं काही कामच नसल्यासारखी.

"घरी चल," मावशी म्हणाल्या.

"उद्या नेणार ना यांना?"

"हो."

  मावशी म्हातारीचं काम न्याहाळू लागल्या. धंद्याचा डोळा, तो कुठे जातोय! मग गुडघे सांभाळत ढिगावर चढल्या, फांदीच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि त्यांनीही तिच्या केसांत बोटं घातली. कंगवा नाही, काही नाही. दोन कारागीर, एक डोकं.

बाहेरून दातांच्या डॉक्टरांची हाक आली, "मावशी, दुकान उघडं टाकून कुठे गेलात? मी ताटकळलोय!"

"आज बंद!" मावशी ओरडल्या.

दुकान गिऱ्हाईक दारात असताना बंद झाल्याचं गल्लीनं त्याआधी ऐकलं नव्हतं. फांदीनं मान वळवून आईकडे पाहिलं.

तेवढ्यात म्हातारी उठली, या नव्या बाईला वळसा घालून मागे गेली, आणि तिनं मावशींच्या अंबाड्यातली पिन ओढली. त्या अंबाड्याला कधी परका हात लागला नव्हता.

"काय करतेय गं ही?"

"उवा शोधतेय."

"माझ्या डोक्यात? दुकानदारणीच्या?"

"शोधतेय म्हटलं. सापडल्या म्हटलं का?"

मावशी फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ झाल्या. मग मान सैल पडली. मग डोळे मिटले. "हात हलका आहे हिचा," त्या पुटपुटल्या. आपल्या धंद्यातल्या दुसऱ्या कोणाविषयी त्यांनी काढलेला हा पहिलाच बरा शब्द.

फांदी त्या दोघींकडे कितीतरी वेळ बघत होती. शेवटी ढिगावरून उतरली. "आई, चल. काकांचं अर्धं डोकं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. माकडं केळ्यांच्या नादानं पिंजऱ्यात गेली. फांदी जाळीला कपाळ लावून उभी होती, म्हातारीनं आतून बोट घालून तिची एक बट ओढली. गाडी गेली तेव्हा मावशींनी फांदीचा हात धरलेला नव्हता. धरायचा मोह मात्र त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

हल्ली सुट्टीच्या दिवशी मामांचा ट्रक दोघींना घेऊन नदीपलीकडे जातो. टोळी सापडली तर बसतात, नाही तर परत येतात. मावशी जाताना केस मोकळे सोडून जातात. परवा मला राहवलं नाही. फांदीला विचारलं, "काय गं, त्या म्हातारीचं तुझ्या आईबद्दल काय मत?"

फांदीनं माझ्या कानामागचे केस कापत नीट विचार केला.

"तिला वाटतं, हिला कोणी नीट वाढवलेलं नाही. पण अजून वेळ गेलेली नाही."