सासूबाईंच्या कबरीसाठी वाळू

रमजान आठ दिवसांवर आला. त्याआधी आमच्या बेटावरच्या बायका अंगणात आणि आपल्या माणसांच्या कबरींवर नवी पांढरी वाळू घालतात. पण आमच्या किनाऱ्यावर आता नुसते खडे उरलेत. सासूबाईंच्या कबरीवर काय घालू, हीच काळजी मला लागली होती.

पांढरी वाळू आता समोरच्या रिसॉर्टच्या बेटावर. ते बेट अल्लाने केलेलं नाही, समुद्रतळाची वाळू उपसून पंपाने केलंय. आणि समुद्रात चांगली वाळू कुठे आहे, हे पंपवाल्यांना दाखवलं आमच्या सासऱ्यांनी, इद्रीस यांनी. चाळीस वर्षं मासेमारी केलेला माणूस. सगळा तळ पाठ. बदल्यात मनगटी घड्याळ मिळालं. आमचा किनारा झिजायला लागला तसं त्यांनी ते काढून डब्यात टाकलं.

काल रिसॉर्टवाल्यांनी आसपासच्या म्हाताऱ्यांना जेवायला बोलावलं होतं. सोबतीला आम्ही सुना. होडीत हसनकाका म्हणाले, "इद्रीस, आज जावयाचा मान तुझा! बेट तूच वसवलंस ना!" सासऱ्यांनी तोंड पाण्याकडे वळवलं. जेवताना मात्र हळूच म्हणाले, "सकीना, एवढं मांडलंय, पण आपला माशाचा पातळ रस्सा नाही गं कुठे?"

सगळे पोहण्याचा तलाव बघायला गेले, तेव्हा मी माडाआड बसून पिशवी भरली. पिठासारखी मऊ वाळू.

धक्क्यावर ठेवलेल्या सामानातली ती पिशवी पहारेकऱ्याने उघडली. "ही कुणाची? वाळू नेता येत नाही."

"माझी" ओठांवर आलं होतं. पण मागे रांगेत शेजारणी. त्यांच्या मुलींना मी कुराण शिकवते. मी चपलांकडे बघत राहिले.

"माझी," सासरे म्हणाले.

"काका, या वयात?"

"हो बाबा. चांगली कुठली, ते मला कळतं ना."

हसनकाकांसकट सगळे हसले. सासऱ्यांनी स्वतःच पिशवी रिकामी केली, वर हाताने वाळू सारखी केली.

परत आल्यावर ते थेट कबरस्तानात गेले. मी मागोमाग. त्यांनी लुंगीची दुमड सोडली. तीत अडकलेली चिमूटभर वाळू सासूबाईंच्या कबरीच्या पायथ्याशी पडली.

"एवढीच आली गं," ते म्हणाले. मला नाही, सासूबाईंना.

आज सकाळपासून मी तीनदा नमाज पढले. तिन्ही वेळा अल्लाची माफी मागितली. सासरे बाहेर जाळीच्या खुर्चीत बसलेत. त्यांची माफी मागायची अजून राहिली आहे.